कोपराची खूण

रिक्षातून उतरेपर्यंत कलावतीने संचिताला दोनदा बजावलं होतं, की आज नीट चालायचं नाही. धडपडायचं. खुर्ची आडवी आली तर खुशाल आपटायचं.

"मी आपटतेच गं आई. तू धरतेस म्हणून आपटत नाही," संचिता म्हणाली.

"मग आज नाही धरणार."

हे ऐटीत सांगून झालं आणि रिक्षाच्या बाहेर पाय टाकताना कलावतीने सवयीने लेकीचं कोपर दाबून पायरी दाखवली. संचिता सफाईने उतरली. जिला दिसत नाही हे सरकारला पटवायचं होतं, ती पोरगी मानपाड्याच्या मंगल कार्यालयाच्या दारात एखाद्या करवलीसारखी टेचात उभी राहिली.

संचिताचे डोळे बिघडले होते, पण लोकांना कळेल अशा पद्धतीने बिघडले नव्हते. हात लांब करून बांगडी धरावी आणि तिच्यातून बघावं, तेवढंच गोल जग तिला दिसायचं. त्या गोलात मात्र सगळं लख्ख. औषधाच्या पाकिटावरची मुदत ती सहज वाचायची, आणि पायाशी ठेवलेल्या बादलीत पाय घालायची. दिवेलागण झाली की ते गोलही विझायचं. चाळीतल्या बायका म्हणायच्या, पेपर वाचते आणि स्टुलाला अडखळते, हे कसलं नाटक? कलावतीचं उत्तर ठरलेलं. "धांदरट आहे हो आमची." धांदरट मुलगी लग्नाच्या बाजारात खपते. दुसरा शब्द तिने घरात कुणाला उच्चारू दिला नव्हता.

म्हणून संचिता शाळेत असतानाच मायलेकींनी कोपराची भाषा तयार केली. एकदा दाबलं की पायरी. दोनदा दाबलं की ओळखीचं माणूस आलं, हात जोड. अंगठा ज्या बाजूला रुतेल त्या बाजूला काहीतरी आहे, हुशार राहा. गावकीच्या मंडळात सत्यनारायणाचा प्रसाद वाटत संचिता फिरायची, मागे कलावती, आणि कुणाला कधी शंका आली नाही. उलट बायका म्हणायच्या, मायलेकींचं प्रेम बघा, हात म्हणून सुटत नाही.

या कौशल्याची फळं आता भोगावी लागत होती. सरकारी लिपिकाच्या जागा निघाल्या होत्या आणि त्यातली एक कमी दिसणाऱ्यांसाठी राखीव होती. तिथे अर्ज करायचा तर अपंगत्वाचा दाखला हवा, आणि दाखला चाळीस टक्क्यांच्या पुढे हवा. त्याच्या खाली असलात की तुम्ही सरकारदरबारी डोळस. दाखल्याच्या मागच्या सरकारी शिबिरात डॉक्टरांनी संचिताला अक्षरांचा तक्ता वाचायला सांगितला, तर तिने तळाशी छापलेल्या छापखान्याच्या नावासकट सगळा वाचून दाखवला. डॉक्टर म्हणाले, बाळ, तुझे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत. दाखला नाही मिळाला. पुढे कल्याणच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, की तक्ता नव्हे, बाजूचं किती दिसतं ते तपासायला सांगा. आणि जाता जाता हेही सांगितलं, की हे गोल वर्षागणिक लहान होत जाणार आहे.

"जोवर दिसतंय तोवर नोकरीला चिकटू दे मला, आई. मग शिकेन पुढचं पुढे," संचिता तेव्हा म्हणाली होती. अर्जाची मुदत या आठवड्यात संपत होती.

शिबिर होतं मंगल कार्यालयात, कारण जागा तीच मोकळी होती. आदल्या दिवशीच्या लग्नाची थर्माकोलची अक्षरं अजून स्टेजवर होती आणि झेंडूच्या माळा सुकायला लागल्या होत्या. ज्या खोलीवर 'वधूपक्ष' लिहिलं होतं तिथे डोळे तपासत होते, 'वरपक्ष' लिहिलेल्या खोलीत हातपाय, आणि जेवणाच्या हॉलात कान. स्टेजवर साईनाथ नावाचा एक कर्मचारी माईक धरून उभा होता.

"डोळेवाले वधूपक्ष! हातपायवाले वरपक्ष! आणि कानवाले, ओ कानवाले, माझ्याकडे बघा जरा, मी हात करतो तिकडे जायचं. चला, भीड मत करो!"

कलावतीने नंबर लावला, टोकन घेतलं आणि खांबाशेजारच्या खुर्च्या पकडल्या. मग सहज दाराकडे बघितलं. दारातून सगुणाकाकू येत होत्या.

सगुणाकाकू म्हणजे गावकीतली लग्नं जमवणारी बाई. डोंबिवलीपासून ठाण्यापर्यंत गावच्या कुठल्या घरात कोण लग्नाचं आहे, कुणाच्या मुलीचा रंग कसा आणि कुणाच्या मुलाची नोकरी किती पक्की, हे त्यांच्या तोंडपाठ. मुलगी बघायला आल्या की मान जरा वळवून तिरप्या नजरेने बघायच्या. त्या तिरक्या नजरेपुढे भल्याभल्या मुलींच्या हातातले पोहे सांडलेले होते. आणि याच सगुणाकाकूंनी संचितासाठी शीळफाट्याचं स्थळ आणलं होतं. मुलगा सुदेश, गोदामात सुपरवायझर, निर्व्यसनी, एकुलता एक. येत्या रविवारी मंडळी बघायला येणार होती.

कार्यालयाच्या दारात हात जोडलेली एक मोठी प्लास्टिकची बाहुली उभी असते, तशी इथेही होती. सगुणाकाकू तिच्यासमोर थांबल्या, मान तिरकी केली, हात जोडले आणि म्हणाल्या, "काय वहिनी, बऱ्या आहात ना?"

"आई," संचिता पुटपुटली, कारण बाहुली नेमकी तिच्या गोलात होती, "त्या बाहुलीला नमस्कार करतायत."

"गप्प बस. मोठ्या लोकांच्या तऱ्हा असतात. आपण इथे नाही आहोत."

असं म्हणून कलावती खांबाआड सरकली खरी, पण भीतीने हाताची मूठ वळली, आणि मुठीत लेकीचं कोपर होतं. वळली ती दोनदा वळली. संचिताने क्षणाचाही विचार न करता हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "नमस्कार!"

सगुणाकाकू गर्रकन वळल्या. "कोण गं? कलावतीची संचिता ना? आवाजावरून ओळखली बघ."

आता लपून उपयोग नव्हता. कलावती उठली आणि तोंडाला येईल ते बोलली. "आम्ही हॉल बघायला आलेलो, काकू. पुतण्याचं लग्न निघालंय."

सगुणाकाकूंच्या चेहऱ्यावर भलतंच समाधान पसरलं. "हो का? मीपण हॉलच बघायला आलेली."

"कोणासाठी?"

"आहेत एकजण."

दोघी शेजारी शेजारी बसल्या आणि हॉल बघू लागल्या. कुबड्या घेतलेला एक माणूस त्यांच्यामधून वाट काढत वरपक्षाकडे गेला. व्हीलचेअरवरची एक आजी 'बाजूला, बाजूला' करत गेली.

"गर्दी बरीच आहे," सगुणाकाकू म्हणाल्या.

"रक्तदान असेल," कलावती म्हणाली.

"असेल बाई. आपल्याला काय करायचंय? झुंबर मात्र झकास आहे."

कलावतीने वर बघितलं. वर एक पंखा होता आणि तोही बंद होता. पण मुलीच्या आईने मध्यस्थाच्या शब्दाला विरोध करायचा नसतो. "झकासच आहे," ती म्हणाली.

"आई, मला वाटतं काकूंना..." संचिताने तोंड उघडलं.

"तुला काय वाटतं ते घरी," कलावतीने तिला दाबलं. मग तिला वाटलं, ही बाई आयती सापडलीच आहे, तर मुलीचा गुण दाखवून द्यावा. "संचू, तो समोरचा बोर्ड वाचून दाखव बघू काकूंना."

बोर्ड हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला होता. संचिताने उसासा टाकला आणि वाचलं. "कार्यालयात फटाके वाजवू नयेत. चपलांची जबाबदारी ज्याची त्याची. उरलेलं अन्न बांधून मिळणार नाही."

"अगं बाई! इतकं बारीक!" सगुणाकाकूंच्या आवाजात खरोखरचं कौतुक होतं.

मागच्या रांगेत काळा चष्मा लावलेले एक गृहस्थ बसले होते. ते पुढे झुकून म्हणाले, "ओ ताई, एवढं दिसतंय तर इथे कशाला आलात? आमचा नंबर मागे जातो ना."

कलावतीने वळून त्यांच्याकडे जळजळीत नजरेने बघितलं. त्या गृहस्थांवर त्याचा काहीही परिणाम झाला नाही.

सुदैवाने सगुणाकाकूंचं लक्ष फोनकडे गेलं होतं. त्यांनी तो संचितापुढे धरला. "वाच गं जरा, काय आलंय ते. चष्मा विसरले मी."

चष्मा त्यांच्या गळ्यात साखळीला लोंबत होता. परीक्षा घेतेय, कलावतीला वाटलं, अजून भागलं नाही हिचं. पण फोन त्यांनी धरला होता बाजूने, आणि संचिताचा हात तो घ्यायला पुढे झालाच नाही. कलावतीचा अंगठा चटकन रुतला. संचिताने मान वळवली, हसून फोन घेतला आणि वाचायला लागली.

"सुदेशच्या आईंचा आहे. 'रविवारी नक्की येतो. मुलीत काही खोट नाही ना? तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघितली म्हणालात, म्हणून तुमच्या शब्दावर...'" संचिताने फोन परत दिला. "'...तुमच्या शब्दावर येतोय,' असं आहे."

"मग! मी बघितल्याशिवाय स्थळ सांगतच नाही कुणाला," सगुणाकाकू म्हणाल्या, पण जरा घाईघाईने म्हणाल्या.

कलावती लेकीकडे बघायचं टाळून साईनाथकडे बघत बसली, आणि त्याने नेमका तोच मुहूर्त साधला. "संचिता महिपत घाडीगावकर! दृष्टी! वधूपक्ष! संचिता घाडीगावकर, जल्दी करा!"

माईकचा आवाज हॉलभर घुमला. कलावतीला वाटलं, स्टेजवर जाऊन त्याच्या हातातून माईक काढून घ्यावा आणि त्याच्याच डोक्यात घालावा.

"तुमचंच नाव घेतलं ना गं?" सगुणाकाकूंनी विचारलं.

"हो, ते... वधूपक्षाची खोली बघायची तर आधी नाव द्यावं लागतं. नंबराने दाखवतात."

"असं होय! मग मीपण येते. मलाही बघायचीच आहे खोली." आणि त्यांनी कलावतीच्या खांद्यावर हात टाकला. हात कसला, पकडच ती. एका हाताला संचिता, खांद्यावर सगुणाकाकू, अशी कलावती ती वरात घेऊन वधूपक्षात शिरली.

खोलीत भिंतीभर आरसे होते आणि आरशांभोवती दिवे. नवरीला सजवायच्या गोल स्टुलावर पेशंटला बसवत होते. कपाटाला अक्षरांचा तक्ता टांगला होता, आणि कोपऱ्यात मांडवाच्या काळ्या कापडाचा आडोसा करून बाजूची नजर मोजायचं मशीन ठेवलं होतं. डॉक्टर वल्लरी तरुण होत्या आणि सकाळपासून बोलून बोलून त्यांचा घसा बसला होता. पेशंटसोबत एकाऐवजी दोन बायका आल्या हे बघून त्यांनी फक्त सोफ्याकडे बोट केलं. सगुणाकाकू चाचपत जाऊन सोफ्यावर टेकल्या. कलावती स्टुलामागे उभी राहिली.

तक्ता झाला. संचिताने तो शेवटपर्यंत वाचला.

"हे तर उत्तम आहे," डॉक्टर म्हणाल्या.

कलावती पुढे वाकली आणि सोफ्यापर्यंत पोचणार नाही इतक्या हळू म्हणाली, "मॅडम, ते बाजूचं..."

"काय? मोठ्याने बोला जरा."

"काही नाही. बाजूची खिडकी छान आहे."

डॉक्टरांनी खिडकीकडे बघितलं. खिडकीला दोन काचा नव्हत्या. तेवढ्यात संचिताने पिशवीतून कल्याणचा रिपोर्ट काढून पुढे केला. तो वाचून डॉक्टर जरा सावरून बसल्या. "बाहेरचा रिपोर्ट मी नुसता बघू शकते. मी स्वतः तपासलं पाहिजे. आधी हाताने बघते. तिथे कमी वाटलं तर मशीन. संचिता, माझ्या नाकाकडे बघ. नजर हलवायची नाही. बाजूला माझं बोट हललं की 'हो' म्हण."

संचिता समोर बघत बसली. डॉक्टरांचं बोट उजवीकडून आलं, कानाच्या रेषेत, हळूहळू.

"हो," संचिता म्हणाली.

डावीकडून आलं. "हो." वरून. "हो." पार कानामागून. "हो."

आणि कलावतीला, देव तिचं भलं करो, अभिमान वाटला. आज पोरीला केवढं दिसतंय, एवढंच तिच्या मनात आलं. सोफ्याकडे एक नजर टाकून ती खुशीत हसलीसुद्धा.

"बाजूची नजर ठीक आहे," डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "मशीनची गरज दिसत नाही. चाळीस टक्क्यांत नाही बसत हे. सॉरी."

"आई," संचिता दातांवर दात रोवून म्हणाली, "हात काढ."

"कुठला हात?"

कलावतीने खाली बघितलं. तिचा हात लेकीच्या कोपरावर होता, आणि अंगठा अजून उजव्या बाजूला रुतलेला होता. बोट दिसलं होतं ते तिला. संचिताला फक्त अंगठा कळला होता, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने तोंड आपोआप उघडलं होतं. कलावतीने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"मॅडम, परत घ्या ना," संचिता म्हणाली.

"का? काय झालं? बाहेर रांग बघितलीस ना?"

संचिता स्टुलावरच वळली आणि आईला आपल्या गोलात बरोबर मधोमध घेतलं. "तू सांग, आई. मी सांगितलं तर उद्या म्हणशील, पोरीने स्वतःच्या हाताने स्थळ घालवलं."

सोफ्यावर सगुणाकाकू बसल्या होत्या, मान तिरकी करून, कान देऊन. कलावतीच्या डोळ्यांपुढून रविवार गेला. बशीतले पोहे गेले, शीळफाट्याचा एकुलता एक मुलगा गेला, गावकीतल्या बायकांची कुजबुज गेली. आणि समोर तिची मुलगी होती, जिच्याकडे थोडं गोल शिल्लक होतं आणि थोडेच दिवस. डॉक्टरांचं पेन कागदावर टेकलं.

"थांबा!" कलावती ओरडली. "मॅडम, ते 'हो' तिने नाही म्हटलं. मी म्हटलं. म्हणजे तोंड तिचं, पण हात माझा. आमच्या खुणा आहेत कोपराच्या, शाळेपासूनच्या, लोकांना कळू नये म्हणून. माझ्या मुलीला बाजूचं दिसत नाही. बादली दिसत नाही, कुत्रं दिसत नाही, अंगावर येणारी रिक्षा दिसत नाही. संध्याकाळी तर मीसुद्धा दिसत नाही तिला, आवाजावर चालते. मी आजवर सगळ्यांना धांदरट म्हणून सांगत आले हो. धांदरट नाही ती. तिला दिसत नाही!"

हा शेवटचा शब्द आरशाआरशांवर आपटला. बाहेरून काळ्या चष्म्याच्या गृहस्थांचा आवाज आला, "बरं झालं, कळलं एकदाचं!"

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. "तुम्ही तिकडे काकूंशेजारी बसा. आणि दोन्ही हात मांडीवर ठेवा."

कलावती सोफ्यावर जाऊन बसली. सगुणाकाकूंकडे बघायची तिची हिंमत नव्हती. समोर डॉक्टरांचं बोट पुन्हा उजवीकडून निघालं.

"दिसलं?"

"नाही."

"आता?"

"नाही."

बोट कानापाशी आलं, गालापाशी आलं. "नाही. नाही." कलावतीचे हात मांडीवर तडफडत होते. इतकी वर्षं हा 'नाही' तिने लेकीच्या तोंडून निघूच दिला नव्हता, आणि आता तो एकामागून एक निघत होता, शांतपणे, जणू त्यात रडण्यासारखं काही नाही. तिने स्वतःचंच कोपर घट्ट धरून ठेवलं.

शेजारून सगुणाकाकूंनी हळूच विचारलं, "आता कुठे आहे गं बोट?"

"नाकाच्या जरासं बाजूला."

"आणि ती नाहीच म्हणतेय?"

"हो, काकू." कलावतीने डोळे पुसले, आणि पुसता पुसता थांबली. बोट तर समोर होतं, चार पावलांवर. "म्हणजे? तुम्हाला दिसत नाही का ते?"

सगुणाकाकूंनी पदर सारखा केला. "मॅडमच्या तोंडाच्या जागी मला धूर दिसतो. कुणाकडेही सरळ बघितलं की धूर. मान वाकडी केली की कडेकडेचं कळतं थोडं. दोन वर्षं झाली असतील." त्यांनी मूठ उघडली. मुठीत टोकन होतं. "माझा नंबर हिच्या मागचाच आहे."

कलावतीला बाहुली आठवली, झुंबर आठवलं, गळ्यातला चष्मा आठवला. "आणि संचिताला बघायला आलेलात तेव्हा? एवढं निरखून निरखून बघत होतात!"

"शोधत होते गं, कुठे बसलीय ते."

कलावतीला आधी राग आला. ज्या नजरेच्या धाकाने तिने लेकीला चालायला, बसायला, हसायला शिकवलं, ती नजर नव्हतीच. मग राग कुठल्या कुठे गेला आणि तिला हसू फुटलं, आणि सगुणाकाकूंनाही फुटलं. दोघी तोंडाला पदर लावून गदगदायला लागल्या.

"मी मघापासून सांगतेय," संचिता स्टुलावरून म्हणाली. डॉक्टर म्हणाल्या, "नजर हलवू नको."

पुढे संचिता काळ्या कापडाआड मशीनपाशी गेली. बऱ्याच वेळाने डॉक्टर कागद घेऊन बाहेर आल्या. कागदावर सगळीकडे काळं होतं आणि मधे पांढरा ठिपका.

"चाळीसच्या बरंच वर जातंय," त्या म्हणाल्या. "मी लिहून देते. परवापर्यंत दाखला ऑनलाइन दिसेल."

"म्हणजे मिळाला? अर्ज करता येईल?"

"येईल."

कलावतीला आनंद झाला. मग तो काळा कागद नीट दिसला, आणि आपल्याला कशाचा आनंद झाला ते कळून तिला रडू आलं. ती डॉक्टरांना "थँक्यू, थँक्यू" म्हणत रडत राहिली. संचिताने तिच्याकडे बघितलं आणि हात लांब करून स्वतःच आईचं कोपर धरलं.

सगुणाकाकूंचं काम लवकर आटोपलं. सगळ्यांत वरचं मोठं अक्षर वाचा म्हटल्यावर त्यांनी "अक्षर कुठे टांगलंय ते आधी दाखवा" असं सांगितलं, आणि तक्त्याशेजारी उभ्या कलावतीच्या साडीचा रंग मात्र बरोबर ओळखला. त्यांना एसटीच्या पाससाठी दाखला हवा होता, गावोगाव स्थळं बघत फिरायला. हे कारण त्यांनी डॉक्टरांना न लाजता सांगितलं.

तिघी कार्यालयाच्या दाराशी आल्या. बाहेर रस्त्यापर्यंत पाच-सहा पायऱ्या होत्या.

"सुदेशच्या आईला आज फोन करते," सगुणाकाकू म्हणाल्या.

कलावतीचा हात लेकीच्या कोपरावर गेला. "काय सांगाल?"

"खरं ते. मुलगी मी बघितलीच नव्हती म्हणेन. आज नीट कळली, तिच्या डोळ्यांचं असं असं आहे, आणि नोकरीला अर्ज करतेय. आले तर येतील."

"आणि नाही आले तर?"

"नाही आले तर रविवारचे पोहे आपण खाऊ," संचिता म्हणाली. "आई, सोड आता. मी उतरते."

"अगं, पायऱ्या आहेत."

"मला माहीत आहेत. येताना चढले ना मी."

कलावतीने हात सोडला. सोडला म्हणजे बोटं एकेक करून उघडली. संचिताने मान खाली घालून पहिली पायरी आपल्या गोलात धरली, पायाने चाचपली आणि उतरली. मग दुसरी. तिसऱ्या पायरीवर ती जराशी हेलपाटली तेव्हा कलावती जागच्या जागी अर्धी वाकली, पण बोलली नाही. संचिता रस्त्यावर पोचली आणि तोंड फिरवून उभी राहिली.

कलावतीच्या रिकाम्या हातात एक कोपर येऊन बसलं. सगुणाकाकूंचं होतं.

"खुणा काय काय आहेत गं तुमच्या?"

"एकदा दाबलं की पायरी. दोनदा दाबलं की ओळखीचं माणूस."

"पायऱ्यांचं राहू दे. पायऱ्या मला कडेने दिसतात. दोनदावालं तेवढं सांभाळ." त्या म्हणाल्या. "लोकांना वाटतं, सगुणाबाई शिष्ट झाली, समोरून गेली तरी बोलत नाही. मला कळतच नाही गं, कोण गेलं ते."

त्या दोघी उतरल्या. रस्त्यावर आल्या तेव्हा संचिता समोरच उभी होती. कलावतीने काकूंचं कोपर दोनदा दाबलं.

सगुणाकाकूंनी लगेच हात जोडले. "काय गं संचिता, बरी आहेस ना?"

संचिताच्या कोपराला कुणाचाही हात नव्हता. तिने काकूंकडे सरळ बघितलं आणि हात जोडले.

"नमस्कार, काकू," ती म्हणाली. "दिसलात मला."